हाक एकदाच

पट्टा हातातून सुटला, झालं ते एवढंच. सकाळचे साडेसात वाजले होते, चौकातला सिग्नल नुकताच हिरवा झाला होता, आणि चष्मेवाल्यांच्या बोटांतून तो कातडी पट्टा सहज निसटून गेला. त्यांना कळलं तेव्हा कुत्रा रस्त्याच्या मधोमध पोचला होता. एका टेम्पोनं करकचून ब्रेक मारला, मागच्या दोघातिघांनी हॉर्न वाजवून आपापला राग काढला, आणि कुत्रा मात्र आपण चुकून कुणाच्या घरात शिरलो की काय अशा चेहऱ्यानं चारी बाजूंना बघत उभा राहिला. अशा वेळी माणूस काय करतो? हाक मारतो. शेंबडं पोरही मारेल. चष्मेवाले फुटपाथच्या कडेला उभे होते, त्यांचं तोंड उघडलेलं होतं, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, आणि आतून आवाज म्हणून येत नव्हता. कोपऱ्यावरचा न्हावी एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावत होता. तो ब्रश हातात घेऊनच धावला, पट्टा धरला, टेम्पोवाल्याला दोन शब्द सुनावले आणि कुत्र्याला ओढत परत आणलं. पट्ट्याला फेस लागला होता. "अहो, हाक मारायची की," तो म्हणाला, "नुसते बघत काय राहिलात?" चष्मेवाल्यांनी खिशातून रुमाल काढला आणि पट्टा पुसून कोरडा केला. मग ते आपलं चष्म्याचं दुकान उघडायला गेले.

आता, हाक न मारण्याला एक कारण होतं आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. कुत्र्याचं नाव बोका होतं. हे बायकोचं काम. सहा वर्षांपूर्वी ती मांजराचं पिल्लू आणायला म्हणून कुणाकडे तरी गेली, ते पिल्लू तिच्या आधीच कुणीतरी नेलेलं, आणि त्याच घरात कुत्रीचं एक शेवटचं, कुणालाच नको असलेलं तपकिरी पिल्लू उरलेलं. ती ते घेऊन आली. "नाव ठरवूनच निघाले होते," तिनं दारातच जाहीर केलं, "आता कुत्रं मिळालं म्हणून नाव कशाला बदलायचं?" आणि मग पाच-साडेपाच वर्षं ती गॅलरीत उभी राहून, खालची सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात, "बोक्याऽऽ" म्हणून ओरडायची. लोक हसायचे. ती त्यांच्यापेक्षा जास्त हसायची. चष्मेवाल्यांना तेव्हा आतल्या खोलीत जाऊन काहीतरी शोधल्यासारखं करावं लागे. कुत्र्याला ते शुक शुक करत, चुटकी वाजवत, फारच झालं तर "ए" म्हणत. तसं पाहिलं तर बायकोलाही त्यांनी कधी नावानं हाक मारली नव्हती. "अगं" एवढ्यावर चौतीस वर्षं भागलं. तिचं नाव त्या घरात ऐकू यायचं ते खालच्या मजल्यावरच्या तिच्या मैत्रिणीच्या तोंडून. ही मैत्रीण रोज संध्याकाळी फिरायला निघताना जिन्यातूनच तिच्या नावानं खणखणीत हाक द्यायची, की बोका जिथे असेल तिथून उठून दाराशी जाऊन शेपूट हलवायचा. चष्मेवाल्यांचा सगळा जन्म दुकानामागच्या त्या अंधाऱ्या खोलीत गेला होता, जिथे समोरच्या भिंतीवर अक्षरांचा उजळलेला तक्ता असतो आणि माणसाच्या कानाशी वाकून, हळू आवाजात विचारायचं असतं: हे स्पष्ट की ते? आता बरं की आधीचं बरं? तिथे आवाज चढवायची वेळच येत नाही. त्यांना वाटे, आपला आवाज त्या खोलीच्या मापाचाच शिवलेला आहे, बाहेर नेला की तो आखूड पडतो.

चौकातली गोष्ट मुलीला कुणी सांगितली, देव जाणे. तिचा दुसऱ्या गावाहून फोन आला. "बाबा, तुम्हाला तो आवरत नाही. तो फक्त आईचं ऐकायचा. उद्या गाडीखाली आला म्हणजे?" मग तिनं शहराबाहेरच्या एका फार्मचं सांगितलं. तिथे कुत्री ठेवून घेतात, तीन आठवडे शिकवतात, परत देतात. तिनं सगळं बोलून ठेवलं होतं. आईवर गेलेली मुलगी. कुणाला विचारायचं ते काम झाल्यावर विचारते. "फक्त एक आहे, बाबा," ती शेवटी म्हणाली, आणि हळू आवाजात म्हणाली, त्यावरून चष्मेवाल्यांनी ओळखलं की खरं सांगायचं ते हेच. फार्मवाल्या बाईंचा नियम होता. एकविसाव्या दिवशी मालकानं मैदानाच्या टोकाला उभं राहून कुत्र्याला हाक मारायची. एकदाच. कुत्रा आला तर घरी न्यायचा. नाही आला, तर त्या परत देत नाहीत, दुसरं घर बघतात. सही घेतात तशी. "आणि खरं सांगू का, तसं झालं तरी काही वाईट नाही. तुमचं वय आता..." पुढचं तिनं गिळलं. चष्मेवाले "बरं" म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात पसरलेल्या बोक्याकडे पाहिलं. ती गेल्यापासून आठ महिने तो तिथेच पसरत होता, ओट्याकडे तोंड करून. घरात तिची म्हणून जितीजागती वस्तू ती एवढीच उरली होती.

फार्मवरून आलेल्या यादीत लिहिलं होतं: मालकानं निदान दोन दिवस वापरलेला, न धुतलेला एक कपडा आणावा. चष्मेवाल्यांनी ते वाचलं, नीट वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. परक्या बाईच्या हातात मळका शर्ट ठेवायचा, ही कल्पनाच त्यांना सोसवेना. त्यांनी शर्ट धुतला, वाळवला, कडक इस्त्री केली आणि पिशवीत घडी घालून ठेवला. फार्म म्हणजे एक लांबट गवताचं मैदान, त्याच्या एका बाजूला पत्र्याच्या छपराखाली ओळीनं पंधरा-सोळा जाळीच्या खोल्या, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी आणि वाळत घातलेल्या गोधड्या, चादरी, स्वेटर, टॉवेल यांची ही लांब दोरी. बाई पन्नाशीच्या, गमबूट घातलेल्या, उन्हानं रापलेल्या. त्या कुणालाच नावानं ओळखत नसाव्यात, निदान माणसांना तरी. "या, बोक्याचे बाबा," त्यांनी पहिल्याच वाक्यात चष्मेवाल्यांना नातं चिकटवून दिलं. नावाला हसल्या नाहीत. मग पिशवीतला शर्ट काढून नाकाशी धरला आणि चष्मेवाल्यांकडे असं पाहिलं की त्यांना शाळेत उभं केल्यासारखं झालं. "याला साबणाचा वास आहे. यावर निजला तर हा साबणाला ओळखेल, तुम्हाला कसा ओळखणार? अंगातला काढा." चष्मेवाल्यांनी आडोशाला जाऊन अंगातला शर्ट काढून दिला आणि कोटाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावून घेतली. सही केली. बाईंनी मैदानाचं लांबचं टोक दाखवलं. एक पांढरा दगड होता तिथे. "त्या दगडापाशी उभं राहायचं. एकदाच का, तर रस्त्यावर दुसरी हाक मारायला वेळ नसतो. आणि इथे सारखं येऊ नका, तो नुसता फाटकाकडे बघत बसेल. मी बोलावलं तरच या." बोका मागे वळून बघत बघत जाळीत गेला. परतीच्या वाटेवर बसमध्ये उकडत होतं, कोटाचं बटण काढायची सोय नव्हती, आणि या गोष्टीवर पोट धरून हसलं असतं असं माणूस आता घरी नव्हतं. ते त्यांना बस वळणावर आली तेव्हा फार लागलं.

घर रिकामं म्हणजे काय, हे त्यांना वाटलं होतं आठ महिन्यांपूर्वीच कळून चुकलंय. ते तसं नव्हतं. आतापर्यंत नखांचा टकटक आवाज होता, पाणी पिण्याचा लपलप आवाज होता, दुपारी झोपेत कुणावर तरी अर्धवट भुंकणं होतं. आता नळ बंद केला की घर एकदम संपायचं. रविवारी ते कपाटाच्या वरच्या कप्प्यातून ती पिशवी काढत. आत तिचा स्वेटर होता, तिनंच विणलेला, एक बाही दुसरीपेक्षा दोन बोटं लांब. दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळी काढून खुर्चीवर टाकलेला, तसाच, न धुतलेला. पिशवीचं तोंड ते चार बोटं उघडत, एक श्वास घेत आणि लगेच बंद करत. एका रविवारी एकच श्वास, असा त्यांनी हिशेब ठेवला होता, नाहीतर सरलं असतं. हाताला लावायच्या मलमाचा वास, किंचित कांद्याचा, आणि राहिलेला तिचा. त्या वासाबरोबर दवाखान्यातली दुपारही यायची, तिला ते थोपवू शकत नसत. सहा खाटांची खोली, खिडकीत ऊन, शेजारच्या खाटेभोवती पाहुण्यांचा गराडा. नर्स ठिबकणारी बाटली बदलत सहज म्हणाली होती, "बोला त्यांच्याशी. नावानं हाक मारा. डोळे मिटलेले असले तरी ऐकू येतं." चष्मेवाले वाकले होते. अगदी कानाशी. "अगं," म्हणाले होते. "अगं, ऐकतेस ना." नर्स म्हणाली, "नावानं, काका." शेजारच्या पाहुण्यांनी बोलणं थांबवून इकडे पाहिलं. चष्मेवाल्यांचं तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि आवाज आला नाही. लाज वाटली, दुसरं काही नाही. सहा खाटांपुढे लाज वाटली. मुलगी संध्याकाळी पोचली तोवर हाक मारण्यासारखं काही राहिलं नव्हतं. हे त्यांनी मुलीला सांगितलं नव्हतं, कुणालाच नाही. चौकात पट्टा सुटला त्या दिवशी त्यांना कळलं की ती दुपार अजून घशात तशीच बसलेली आहे.

सहाव्या दिवशी दुपारी बाईंचा फोन आला. दुकानात एक आजोबा लेन्स अडकवलेली जड चौकट नाकावर घेऊन बसले होते. "बोक्याचे बाबा, पोरगं जेवत नाही," बाई म्हणाल्या. "शर्ट हुंगतो आणि बाजूला सारतो. नुसता दाराशी पडून. घरात आणखी कोण होतं?" चष्मेवाल्यांनी सांगितलं. बाई म्हणाल्या, "हे आधी बोलायचं होतं. त्यांचं काही आहे का? न धुतलेलं?" चष्मेवाले म्हणाले, "नाही." किती पटकन म्हणाले. जन्मभर खोटं बोलायची सवय असल्यासारखे. मग ते आत गेले आणि आजोबांच्या डोळ्यांपुढे लेन्स बदलत विचारू लागले, हे स्पष्ट की ते, आणि आजोबा वैतागून म्हणाले, "अहो, मघापासून तीच काच घालताय आणि काढताय." त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी पिशवी काढून टेबलावर ठेवली. उघडली नाही. एक मन म्हणत होतं, कुत्रंच आहे, भूक लागली की खाईल, कुणी उपाशी मरत नाही. दुसरं मन काही म्हणत नव्हतं, ते नुसतं स्वयंपाकघराच्या दारातल्या मोकळ्या फरशीकडे बघत होतं. बोक्याच्या जाळीत तो स्वेटर एक रात्र राहिला की संपलं, हे त्यांना कळत होतं. पुढच्या रविवारी त्या पिशवीत कुत्र्याशिवाय कसला वास उरणार नव्हता. पण ती असती तर? तिनं तर फोन ठेवायच्या आधीच चपला घातल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान बंद ठेवलं. दारावर चिठ्ठी लावली, आणि न्हाव्यानं विचारलं तेव्हा "कामाला जातोय" म्हणाले. बाईंनी पिशवी घेतली, चार बोटं उघडली, नाकाशी नेली आणि लगेच बंद केली. चष्मेवाल्यांना वाटलं, हिला कळलं. "काल नाही म्हणालात," बाई म्हणाल्या. "हो," ते म्हणाले. "परत मिळेल. आम्ही सगळं परत देतो, काळजी करू नका." त्यांना जाळीपाशी जायला बंदी होती, म्हणून ते टाकीच्या आडून बघत राहिले. बाईंनी स्वेटर आत टाकला. बोका पडल्या जागेवरून उठला नाही, फक्त मान लांब केली. मग उठला. मग त्यानं त्या लांब बाहीत नाक घातलं आणि ते तो बाहेर काढीचना. त्याची पाठ हलत होती, श्वास आत घेताना दिसत होता, एकामागून एक, कसलाही हिशेब न ठेवता. चष्मेवाल्यांना त्याचा हेवा वाटला. अगदी खरा, पोटात दुखेल असा हेवा. आठ महिने आपण चार बोटं उघडून एकेक श्वास पुरवत बसलो, आणि हा एका दमात सगळं घेऊन टाकतोय. थोड्या वेळानं बोका स्वेटरवर गोल फिरला, बसला, आणि बाईंनी पुढे सरकवलेल्या ताटलीतलं खाऊ लागला. चष्मेवाले टाकीला टेकून रडले. त्यांना वाटलं होतं आपलं रडून झालंय.

राहिलेल्या दोन आठवड्यांत त्यांना एकच काम होतं, आणि ते इतकं क्षुल्लक होतं की कुणाला सांगायची सोय नाही. त्यांना हाक मारायला शिकायचं होतं. मैदान शंभर पावलांचं, बाईंनी फोनवर बजावलं होतं, आवाज पोचला पाहिजे. हेही सांगितलं होतं की पोरगं हुशार आहे, सगळं पटापट उचलतंय, आणि एक शाळेतल्या बाई त्याला दोनदा येऊन बघून गेल्या आहेत, त्यांना फार आवडलाय. "म्हणजे नाही जमलं तरी त्याचं वाईट होणार नाही," बाई चांगल्या मनानं म्हणाल्या. चष्मेवाल्यांना ते शब्द दिवसभर पुरले. ते घरी सराव करू शकत नव्हते, खालच्या मजल्यावर मैत्रीण होती. गच्चीवर गेले तर शेजारची माणसं कपडे वाळत घालत होती. शेवटी दुकानामागची अंधारी खोलीच बरी पडली. दार लावून, तक्त्याचा दिवा लावून, ते खालच्या बारीक अक्षरांकडे बघत "बोका" म्हणत. आधी ओठातल्या ओठात. मग बोलल्यासारखं. तक्त्यापर्यंत जाईल इतकं. एकदा जरा जोर आला आणि नेमकी तेव्हाच दार ढकलून एक बाई आत आल्या, वाचायचा चष्मा दुरुस्तीला घेऊन. "काय म्हणालात?" त्यांनी विचारलं. "काही नाही," चष्मेवाले म्हणाले, "पहिली ओळ." बाईंनी तक्त्याकडे पाहिलं, पहिली ओळ वाचली, आणि मग फार सौम्य आवाजात विचारलं, "तुमची तब्येत बरी आहे ना?" हे सांगायला कुणी असतं तर महिनाभर पुरलं असतं. विसाव्या दिवशीही त्यांचा आवाज खोलीबाहेर गेला नव्हता. त्यांना मनातून ठाऊक झालं होतं की बोका जाणार. त्यांनी त्याची ताटली घासून, पुसून पालथी घातली आणि मग ती पालथी बघवेना म्हणून पुन्हा सुलटी केली.

एकविसाव्या दिवशी आकाश स्वच्छ होतं, गवत कापलेलं, दोरीवर कुणाकुणाचे कपडे वाऱ्यावर फडफडत होते. बाईंनी खोलीत बसवलं, चहा दिला, आणि एक कागदी पुडकं त्यांच्या हातात ठेवलं. "हा तुमचा शर्ट. आणि हा स्वेटर." चष्मेवाल्यांनी पुडकं सोडलं. स्वेटर घडी घालून ठेवलेला होता. मऊ, फुगलेला, दोन्ही बाह्या ताणून अगदी सारख्या केलेल्या. "आमच्या मावशींनी तीनदा धुतलाय," बाई अभिमानानं म्हणाल्या. "आधी लोक तक्रार करायचे, केस लागलेत, वास मारतोय. आता धुऊन इस्त्री करूनच परत द्यायचं अशी पद्धतच पाडलीय. एक केस सापडायचा नाही बघा." चष्मेवाल्यांनी स्वेटर उचलला आणि चेहऱ्याशी धरला. या वेळी चार बोटं नाही, सगळाच. साबण. नुसता साबण, स्वच्छ, लखलखीत. कुत्र्याचाही वास नव्हता. निदान तो तरी असेल असं त्यांनी धरलं होतं, त्याच्याखाली कुठेतरी थोडं सापडेल असं. बाई काहीतरी ओळखून थांबल्या. "काही चुकलं का?" "नाही," चष्मेवाले म्हणाले, "छान धुतलाय." राग आला नाही. त्यांनी स्वतः शर्टाचं केलं होतं तेच मावशींनी स्वेटरचं केलं, चांगुलपणानं. फक्त आत कुठेतरी एक कप्पा उघडा पडला आणि त्यात काही नव्हतं. आता तिचं काय राहिलं? त्यांनी चालता चालता विचार केला, गवतावरून त्या पांढऱ्या दगडाकडे, स्वेटर काखेत घेऊन. कपड्यात नाही, घरात नाही. तिनं ठेवलेलं एक नाव राहिलं होतं, लोक हसतील असं, आणि ते घेऊन एक कुत्रा पलीकडच्या टोकाला उभा होता.

मावशींनी त्याला धरलं होतं. इतक्या लांबून तो तपकिरी ठिपक्यासारखा दिसत होता, पण लांबचं बघायला चष्मेवाल्यांना अजून चष्मा लागत नव्हता. तो दुसरीकडेच बघत होता, दोरीवरच्या कपड्यांकडे. बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "सोडतेय मी त्याला. एकदाच, बोक्याचे बाबा. घाई करू नका." त्यांनी हात वर केला, मावशींनी पट्टा सोडला. बोका जागचा हलला नाही. मग कपड्यांच्या दिशेनं दोन पावलं गेला. चष्मेवाल्यांचं तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या. सहा खाटांची ती खोली आली, चौक आला, टेम्पोचा ब्रेक आला, सगळे थांबून इकडे बघायला लागले. आणि त्यांच्या काखेतल्या स्वेटरला साबणाचा वास येत होता. "बोक्याऽऽऽ," चष्मेवाले ओरडले. तिचीच ओढ, गॅलरीतली, शेवटचं अक्षर खालच्या गल्लीपर्यंत सोडून द्यायची तीच पद्धत, फक्त आवाज एका म्हाताऱ्या माणसाचा, फाटलेला. जाळीतली सगळी कुत्री भुंकायला लागली. बोक्यानं मान वळवली. क्षणभर त्याला पटेना. मग तो निघाला, आधी चालत, मग पळत, मग कान मागे टाकून पोट जमिनीला लागेल असा, आणि समोर येऊन शिकवल्याप्रमाणे बसायचं सोडून त्यानं दोन्ही पाय चष्मेवाल्यांच्या कोटावर दिले. ते दोन पावलं मागे हटले. स्वेटर गवतात पडला.

"आला बघा," बाई म्हणाल्या. "झालं. न्या घरी." पण चष्मेवाल्यांचं तोंड एकदा उघडलं ते मिटेना. कुत्रा पायाशी असताना त्यांनी पुन्हा हाक मारली, तितक्याच मोठ्यानं. मग आणखी एकदा. "अहो, आलाय तो," बाई हसून म्हणाल्या. आणि त्यानंतर चष्मेवाल्यांनी एक हाक मारली, ती बोक्याची नव्हती. ते नाव त्यांच्या तोंडून चौतीस वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं, त्यांनी स्वतःही नाही. मोकळ्या गवतावरून ते थेट कुंपणापर्यंत गेलं. बाईंचं हसू थांबलं. बोक्याला मात्र ते नाव ठाऊक होतं. त्यानं कोटावरचे पाय काढले, कान उभे केले, आणि फाटकाकडे तोंड करून शेपूट हलवत उभा राहिला. चष्मेवालेही वळले, आणि त्याच्या शेजारी उभे राहून फाटकाकडे बघू लागले.